गव्हाचा कायदा



सोलापूरच्या टॉवेल आणि चादरींच्या या वसाहतीत अमेरिकेच्या संसदेतल्या एका विधेयकावर व्याख्यान कशाला, असे मला संयोजकांनी विचारले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होते. उत्तर असे की, हा विषय तुम्हाला पुण्यामुंबईच्या श्रोत्यांपेक्षा लवकर कळेल. तुमच्यापैकी निर्यात करणाऱ्यांना ठाऊक आहे की परदेशी ऑर्डर नक्की होते ती फोनवर 'ओके' म्हटल्यावर नाही, एल.सी., म्हणजे बँकेचे पतपत्र, हातात पडल्यावर. आणि एल.सी. आली की आधी रक्कम बघायची नसते, अटी बघायच्या असतात. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींची शिकवणही हीच होती: कागद शेवटपर्यंत वाचा. आज आपण असाच एक कागद शेवटपर्यंत वाचणार आहोत. त्याचे नाव 'भारत आपत्कालीन अन्न मदत कायदा, १९५१'. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १५ जून १९५१ रोजी त्यावर सही केली.

त्याआधी थोडे मागचे. परक्या देशातून दुष्काळाची मदत आपल्याकडे १९५१ मध्ये पहिल्यांदा आली असे नाही. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकन काँग्रेसने एक ठराव करून भारतासाठी लोकांनी जमवलेले धान्य पोचवायला जहाजाची सोय करून दिली. पुढे छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे १९०० साली, मक्याने भरलेले 'क्विटो' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईला आले. मका वर्गणीचा होता, भाडे सरकारचे होते. सोलापुरात तेव्हा अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि दुष्काळात पोरकी झालेली मुले मिशनऱ्यांनी सांभाळली, हे जुन्या सोलापूरकरांना सांगायला नको. त्या काळी धान्य देणे हे सरकारचे कामच मानले जात नव्हते. दया लोकांनी करायची, सरकारने फार तर बोटीचे भाडे भरायचे. त्यामुळे काँग्रेसपुढचा कागद लहान असे आणि वादही लहान असे.

१९५० मध्ये चित्र वेगळे होते. देश नवा होता. फाळणीत गव्हाचा आणि कालव्यांचा पश्चिम पंजाब पाकिस्तानात गेला होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आसामात मोठा भूकंप झाला, बिहार आणि मद्रासकडे पावसाने दगा दिला. अन्नमंत्री होते कन्हैयालाल मुन्शी आणि अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. जानेवारी १९५१ मध्ये रेशनचे माणशी रोजचे धान्य १२ औंसांवरून ९ औंसांवर आणावे लागले. नऊ औंस म्हणजे पाव किलोच्या जरा वर. गिरणीत आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला दिवसाला एवढेच. इथे बसलेल्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते दिवस जुन्या गिरणीच्या भोंग्यावर काढले आहेत.

१६ डिसेंबर १९५० रोजी भारताने वॉशिंग्टनला रीतसर मागणी केली: २० लाख टन धान्य, सवलतीच्या अटींवर. मागणी नेणाऱ्या होत्या आपल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित. त्यांचे दिवंगत पती रणजित सीताराम पंडित हे मूळ कोकणी मराठी घराण्यातले, 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार. हे केवळ जाता जाता. आपल्याकडे त्या फक्त नेहरूंच्या भगिनी म्हणून ओळखल्या जातात, म्हणून सांगितले.

आता विधेयकाचा प्रवास पाहू. अमेरिकेत पंतप्रधान नसतो आणि मंत्रिमंडळ संसदेत बसत नाही. अध्यक्षाला पैसे हवे असतील तर तो काँग्रेसला संदेश पाठवतो. तो संदेश म्हणजे विनंती. आपल्याकडे सरकारने विधेयक आणले की ते मंजूर होणार हे बहुधा आधीच ठरलेले असते. तिकडे अध्यक्षाचा शब्द ही फक्त सुरुवात. ट्रुमननी १२ फेब्रुवारी १९५१ रोजी संदेश पाठवला आणि भारताला २० लाख टन धान्य देणगी म्हणून द्यावे, असे सुचवले. देणगी. हा शब्द ध्यानात ठेवा. विरोधी पक्षातले माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनीही पाठिंबा दिला होता. पहिल्या महायुद्धापासून युरोपात अन्नवाटप केलेला हा माणूस, त्याच्या शब्दाला वजन होते. वाटले की महिन्याभरात काम होईल.

पण तारखा जुळवून बघा. १ फेब्रुवारी १९५१ रोजी संयुक्त राष्ट्रांत कोरियाच्या युद्धावरून चीनला आक्रमक ठरवणारा ठराव मतदानाला आला आणि भारताने त्याविरुद्ध मत दिले. त्यानंतर अकरा दिवसांनी भारताला धान्य द्या असा संदेश काँग्रेसच्या टेबलावर पडला. अमेरिकेची पोरे कोरियात मरत होती. तिथल्या सिनेटरने आपल्या मतदाराला काय सांगायचे? मला हा विरोध निव्वळ दुष्टपणाचा वाटत नाही. लोकप्रतिनिधीने आपल्या लोकांचा राग सभागृहात आणायचाच असतो. प्रश्न असा होता की, त्या रागाची किंमत बिहारमधल्या माणसाने का मोजावी.

प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र समितीने सुनावण्या घेऊन विधेयक मार्चमध्ये पुढे सरकवले. इथवर वेळ फारसा गेला नाही. पुढे एक समिती लागते, तिला नियम समिती म्हणतात. कोणते विधेयक सभागृहात केव्हा यायचे, चर्चा किती तास आणि दुरुस्त्या चालतील की नाही, हे ती ठरवते. विधेयक वाईट आहे असे तिला म्हणावेच लागत नाही. तिने नुसते बाजूला ठेवले की काम झाले. भारताचे विधेयक तिथे आठवडेच्या आठवडे पडून राहिले. नामंजूर केले असते तर वर्तमानपत्रांत बोंब झाली असती, भुकेल्यांना नाकारले म्हणून. पडून राहिलेल्या कागदावर कोणाचेच नाव नसते. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या कोणालाही ही युक्ती नवी नाही.

सिनेटमध्ये परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष होते टॉम कोनली, टेक्सासचे. नेहरूंच्या अलिप्ततेबद्दल त्यांचे मत त्यांनी कधी लपवले नाही. आणि मग खरा सौदा सुरू झाला. फुकट कशाला द्यायचे, बदल्यात काहीतरी घ्या. काय घ्या? त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट नावाची वाळू आहे, तिच्यात थोरियम असते. अणुशक्तीसाठी कामाची. भारताने तिची निर्यात बंद केली होती आणि १९४८ च्या अणुशक्ती कायद्याने त्या धोरणाला पाठबळ दिले होते. काही सदस्यांचे म्हणणे होते की, धान्य हवे तर वाळू सोडा. मँगनीज आणि तागाचाही विषय निघाला. शिवाय दिलेल्या धान्याच्या वाटपावर अमेरिकन देखरेख असावी अशीही भाषा होती.

नेहरूंनी १ मे १९५१ रोजी आकाशवाणीवरून देशाला सांगितले की, आपल्याला मदत हवी आहे पण राजकीय अटींची मदत नको. हे भाषण वॉशिंग्टनला झोंबले. त्याच सुमारास रशियाने आणि चीननेही धान्य देऊ केले. प्रमाण मोठे नव्हते, पण बोटी निघाल्या होत्या. आणि बोट निघाली ही बातमी एखाद्या समितीच्या अहवालापेक्षा लवकर पोचते. नियम समितीत पडून राहिलेला कागद हलायला या बोटींचा हातभार लागला, असे माझे वाचन आहे.

तोवर देणगीचे रूपांतर कर्जात झाले होते. यात गंमत अशी की, हे रूपांतर दोन्ही बाजूंना सोयीचे पडले. तिकडच्या विरोधकांना सांगता आले की आम्ही काही फुकट दिले नाही. इकडे नेहरूंनाही कर्जच बरे वाटले, कारण देणगीबरोबर येणाऱ्या देखरेखीपेक्षा व्याजासकट फेडायचे कर्ज मानाचे. मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी आपापली विधेयके मंजूर केली. मसुद्यांत फरक होते, म्हणून दोन्हीकडच्या सदस्यांची संयुक्त समिती बसली, एक मसुदा झाला, तो पुन्हा दोन्ही सभागृहांनी मान्य केला आणि मग सही. मागणीपासून सहीपर्यंत सहा महिने गेले. रब्बी निघाली, उन्हाळा सरला, मृगाचा पाऊस आला.

आता कायद्यात काय होते ते वाचू. रक्कम १९ कोटी डॉलर. व्याज अडीच टक्के, मुदत ३५ वर्षे. फेड डॉलरमध्ये करा किंवा अमेरिकेला लागणारा कच्चा माल देऊन करा. म्हणजे वाळूचा आग्रह गेला, पण वाळूला यायला दार किलकिले राहिले. जहाजे कमी पडतील म्हणून बांधून ठेवलेली अमेरिकन सरकारी जहाजे पुन्हा चालू करण्याची तरतूद त्यात होती. आणि एक कलम असे, ज्याकडे त्या धांदलीत फारसे कोणी पाहिले नसावे: भारताकडून येणाऱ्या व्याजातले ५० लाख डॉलर शिक्षणाच्या देवाणघेवाणीला, विद्यार्थी, प्राध्यापक आणि पुस्तकांसाठी वापरायचे. गव्हाच्या व्याजातून भारतीय विद्यापीठांना अमेरिकन पुस्तके मिळाली आणि अमेरिकन ग्रंथालयांना भारतीय प्रकाशने.

माझ्या आजच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. आपण विचारतो, मदत केव्हा मंजूर झाली, किती झाली. ती कोणत्या टेबलावर बदलली, हे विचारत नाही. १९५१ चा कायदा ट्रुमनच्या संदेशात देणगी होता, समित्यांच्या खोल्यांत तो कर्ज झाला. सभागृहातली गाजलेली भाषणे नंतरची. भाषणे वर्तमानपत्रांत छापून आली, समितीत घालवलेले आठवडे कुठेच छापून आले नाहीत.

आणि दिल्लीत काय झाले? हे ऐकून तुम्हाला जरा आश्चर्य वाटेल. देणाऱ्या देशात एवढे रामायण झाले. घेणाऱ्या देशात, ३५ वर्षांचे कर्ज डोक्यावर घेण्यासाठी, संसदेत एकही कायदा करावा लागला नाही. आपल्या घटनेचे कलम २९२ केंद्र सरकारला देशाच्या संचित निधीच्या तारणावर कर्ज काढण्याचा अधिकार देते, संसदेने कायद्याने मर्यादा घातली असेल तर त्या मर्यादेत. तशी मर्यादा तेव्हा नव्हती. करारावर सही केली की झाले. पैसे खर्च करायचे तर अनुदानाच्या मागण्या आणि विनियोजन विधेयक लागते, पण कर्ज घ्यायला नाही. चिंतामणराव देशमुखांसारखा काटेकोर अर्थमंत्री होता म्हणून निभावले, पण व्यवस्था माणसाच्या काटेकोरपणावर सोडलेली होती. मला तिकडची दिरंगाई आवडत नाही आणि इकडची सोयही आवडत नाही.

यापुढचा टप्पा तुमच्या जास्त ओळखीचा आहे. १० जुलै १९५४ रोजी अमेरिकेने दुसरा कायदा केला, पब्लिक लॉ ४८०, आपल्या आजी ज्याला पीएल फोरएटी म्हणत. तो एका देशासाठी किंवा एका दुष्काळासाठी नव्हता. अमेरिकन शेतकऱ्यांच्या गव्हाने गोदामे फुटायला आली होती, म्हणून तो झाला. दरवेळी नवे विधेयक आणायची कटकट संपली. भारत रुपयांत पैसे भरणार, ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर राहणार. यातला सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनला झाला. अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याबरोबर सही करणारे भारताचे अन्नमंत्री होते स. का. पाटील. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून जिवाचे रान केलेले पाटील तिकडे गव्हाच्या करारावर सही करत होते. ज्यांनी १९५१ चे कर्ज सांभाळले ते देशमुख याच मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून आले होते. अमेरिकन धान्याच्या इतिहासात दोन मराठी माणसे, आणि दोघांची तोंडे दोन दिशांना.

त्या रुपयांचे पुढे काय झाले? खात्यावर ते इतके साचले की, अमेरिकेला खर्च करणे जमेना आणि भारताला चैन पडेना. शेवटी १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. तेव्हाचा जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली. पण त्याआधी या रुपयांनी एक चांगले काम केले. १९५८ च्या एका दुरुस्तीने त्यांतून अमेरिकन ग्रंथालयांसाठी पुस्तके घ्यायला मुभा मिळाली आणि १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके, मराठीही, शिकागोसारख्या विद्यापीठांकडे नियमित जाऊ लागली. १९५१ च्या त्या दुर्लक्षित कलमाची ही धाकटी बहीण. सोलापुरात आज न मिळणारी काही मराठी पुस्तके शिकागोत मिळतात. त्याचे कारण गहू आहे.

गाजरगवत त्या धान्यातून आले, हेही तुम्ही ऐकलेले असेल. पुण्यात ते पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर दिसले आणि पीएल ४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. तेव्हा या तणाचे बिल त्या कायद्याच्या नावावर फाडताना तारीख पाहून घ्यावी. अमेरिकन धान्य त्याच्या आधीपासून येतच होते.

१९६६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. अध्यक्ष जॉन्सन यांनी ३० मार्चला काँग्रेसला संदेश पाठवला आणि १९ एप्रिलला भारताच्या अन्नमदतीचा संयुक्त ठराव कायदा झाला. १९५१ मध्ये चार महिने, १९६६ मध्ये तीन आठवडेही नाहीत. सुधारणा म्हणायची का? तसे नाही. पीएल ४८० खाली धान्य पाठवायचा अधिकार जॉन्सनकडे आधीच होता. त्यांना ठराव हवा होता तो जबाबदारी वाटून घेण्यासाठी. आणि त्याच वेळी ते भारताला धान्य महिन्या-महिन्याच्या हप्त्याने सोडत होते. शेतीचे धोरण बदला, व्हिएतनामवर जपून बोला, मग पुढची बोट. १९५१ मध्ये अटी निदान समितीत, छापील कागदावर होत्या. आता त्या एका माणसाच्या टेबलावर होत्या. कायदा वेगाने झाला म्हणून धान्य वेगाने आले नाही.

त्या बोटींतून आलेला मिलो आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या चांगला लक्षात आहे. मालदांडीच्या पांढऱ्या शुभ्र भाकरीवर वाढलेल्या जिल्ह्याला रेशनवर लालसर ज्वारी मिळाली. मंगळवेढ्याच्या माणसाने मिलोची भाकरी खायची, याहून दुष्काळाचा पुरावा कोणता द्यायचा.

किल्लारीचा भूकंप मी थोडक्यात घेतो, कारण तो इथे अनेकांनी अंगावर घेतलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले, आणि प्रकल्पाच्या नावातच 'आपत्कालीन' हा शब्द होता. तडे गेलेल्या घरांच्या दुरुस्तीच्या कामात सोलापूर जिल्हाही होता. ते कर्ज बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केले, पण ज्या निधीतून ते आले त्या निधीत दर तीन वर्षांनी श्रीमंत देश भर घालतात आणि त्यासाठी त्यांच्या संसदा पैसे मंजूर करतात. संसद मागे सरकली, नाहीशी झाली नाही.

आज भारतही देतो. २०१५ मध्ये नेपाळला, २०२२ मध्ये श्रीलंकेला, २०२३ मध्ये तुर्कस्तानला. श्रीलंकेला तर इंधन, औषधे, अन्नधान्य अशी अब्जावधी डॉलरची पत दिली. त्यासाठी आपल्या संसदेत एखादे 'श्रीलंका आपत्कालीन मदत विधेयक' आले का? नाही. परराष्ट्र खात्याची अनुदानाची मागणी, एक्झिम बँकेचे कर्ज, अगदीच तातडी असेल तर आकस्मिकता निधी. हा निधी २०२१ मध्ये ५०० कोटींवरून ३० हजार कोटींवर नेला गेला. वेग उत्तम आहे, शेजाऱ्याला बोट वेळेवर पोचते. पण आपण कोणत्या अटीवर काय दिले याची सभागृहात उलटतपासणी होत नाही. घेताना कायदा नव्हता, देतानाही नाही.

शेवटी घरचे उदाहरण. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याने खडी फोडली, पाझर तलाव खणले, सुकडी खाल्ली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसे अशा कामांवर होती. रोजगार हमी शासन निर्णयाने सुरू झाली. तिची मूळ कल्पना वि. स. पागे यांची, त्यांनी ती तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी करून पाहिली होती. कायदा मात्र १९७७ चा, दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालेला, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. दुष्काळ सरून सहा वर्षे झाल्यावर. मग तो उशिरा झाला असे म्हणायचे? मला वाटते, नाही. १९५१ च्या अमेरिकन कायद्यात दोन पक्ष आहेत, दोन्ही सरकारे. उपाशी माणूस त्यात कुठे येत नाही, त्याला मागायला काही कलम नाही. १९७७ च्या कायद्यात तो अर्जदार आहे. त्याने काम मागितले तर पंधरा दिवसांत द्यायचे, नाही दिले तर दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्ता. एक रुपया ही रक्कम हास्यास्पद होती. पण तो मागण्याचा हक्क होता, आणि त्यासाठी कोणत्या परराष्ट्र समितीपुढे उभे राहायचे नव्हते.

त्या कामाला पैसा लागणार म्हणून १९७५ मध्ये विधिमंडळाने वेगळा कायदा करून कर बसवला, नोकरदारांवर, व्यापाऱ्यांवर, व्यावसायिकांवर. त्याचे नाव व्यवसाय कर. तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते हेच. इथल्या हिशेबनिसांना त्याचे चलन कधी भरायचे ते तोंडपाठ आहे. तो कशासाठी सुरू झाला, हे विचारल्यावर बहुतेक जण मालकांकडे बघतात, आणि मालक सी.ए.कडे. प्रश्न असतील तर आता घेऊ. दुसऱ्या पाळीच्या मंडळींनी आधी विचारावेत, त्यांना परत जायचे आहे.